दोन किलोची लेन्स, चारशे ग्रॅमचा कॅमेरा

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे सोनीचा ए६४०० हा छोटा कॅमेरा आहे, बरोबर १६-५० आणि ५५-२१० अशा दोन लेन्स (हे आकडे लेन्सच्या मिलिमीटरचे, आकडा मोठा तेवढं लांबचं मोठं दिसतं). राहायला पलूसला. रविवारी पहाटे स्कूटरवरून भिलवडी नाहीतर औदुंबरच्या घाटावर जाता, पण फोटोत पक्षी मोहरीएवढा येतो. म्हणून २००-६०० घ्यायचं मनात आहे. एवढ्याशा कॅमेऱ्याला ती झेपेल का, माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडी, तुटणार तर नाही ना, आणि मामांच्या कपाटात पडलेली जुनी, हाताने फोकस करायची टेली (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स ॲडॅप्टर लावून वापरता येईल का, हे तुमचे प्रश्न.

झेपेल. माउंट तुटणार नाही. मामांची लेन्सही लागेल. तरीही २००-६०० घेऊ नका, निदान आत्ता तरी.

मी साताऱ्यात पंचवीस वर्षं लग्नाची कामं केली, पक्ष्यांचा नाद त्यातच लागला. सुरुवातीला मोठा डीएसएलआर आणि त्यावर १५०-६००. फोटो चांगले यायचे, यायचे तेव्हा. पण पहाटे साडेचारला येरळवाडीच्या तलावाला निघायचं म्हणून उठावं, बॅग उचलावी आणि ‘जाऊ दे, पुढच्या रविवारी बघू’ म्हणून परत आडवं व्हावं, असे किती रविवार गेले त्याला हिशेब नाही. पुढे खांदा धरला आणि छोट्या कॅमेऱ्यावर आलो. सोनीची २००-६०० ट्रायपॉडला जोडायचा पाय काढूनही २११५ ग्रॅम भरते. तुमचा ए६४०० बॅटरी-कार्डासकट ४०३ ग्रॅम. अडीच किलोच्या त्या जोडणीत कॅमेरा जेमतेम सहावा हिस्सा. छोटा कॅमेरा ज्यासाठी घेतला ते सगळं त्यात वाया जातं. त्याऐवजी सोनीचीच ई ७०-३५० बघा. ६२५ ग्रॅम. कॅमेऱ्यासकट एक किलोच्या आसपास. स्कूटरवर पाठीला लावलीत तरी विसरून जाल.

‘पण ३५० आणि ६०० मध्ये केवढा फरक!’ असं वाटणारच, म्हणून हिशेबच मांडतो.

कृष्णेकाठचा आपला छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटिमीटर. तो २० मीटरवरच्या खुंटावर बसलाय असं धरा. तुमच्या सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीची, रुंदी २३.५ मिलिमीटर आणि फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. २१० वर त्या अंतरावर फ्रेममध्ये सव्वादोन मीटर रुंदीचं दृश्य मावतं, आणि सहा हजारातले सव्वाचारशे पिक्सेल खंड्याच्या वाट्याला येतात. ३५० वर सातशेच्या वर. ६०० वर बाराशे. आता तोच ३५० घेऊन १२ मीटरवर बसा: बाराशे. १० मीटरवर बसा: चौदाशे. म्हणजे वीस मीटरवरच्या ६०० वाल्याला तुम्ही मागे टाकलंत, तेही खांदा न दुखवता. शिवाय मधली हवा निम्मी झाली. हवेची गोष्ट पुढे सांगतो, ती महत्त्वाची आहे.

हे आठ-दहा मीटर कमवायचे कसे? तुमच्याकडे असलेली जागा त्याला फार सोयीची आहे. औदुंबरच्या घाटावर पहाटेपासून माणसांचा राबता असतो, घंटा वाजत असतात, कुणी अंघोळीला उतरतं, कुणी नावेचा दोर सोडतं. तिथले पक्षी माणसाला सरावलेले असतात. माळरानावरची टिटवी पन्नास मीटरवरून बोंब ठोकते. घाटावरचा वंचक बगळा तुमच्यापासून पाच-सात पायऱ्यांवर मुकाट उभा राहतो. खंड्याच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात: नावेचा खुंट, जाळ्याची काठी, पाण्यावर वाकलेली फांदी. पहिला रविवार नुसता बघण्यात घालवा. कुठल्या काठीवर तो परत परत येतो ते हेरा. दुसऱ्या रविवारी उजाडायच्या आधी त्या काठीपासून दहा मीटरवर, खालच्या पायरीवर जाऊन बसा आणि हलू नका. बगळा दिसला की त्याच्याकडे सरळ चालत जाणारे लोक मी रोज बघतो. बगळा उडतो आणि मग हे मोठ्या लेन्सच्या किमती विचारत फिरतात.

मगरीला मात्र यातलं काहीही लागू नाही. हिवाळ्यात भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी उन्हाला काठावर पडतात, तुम्हीही पाहिल्या असतील. तिथे काठाच्या वरच्या अंगालाच राहायचं, पाण्याच्या पातळीला उतरायचं नाही, आणि ती तोंड उघडून निपचित पडलीय म्हणजे झोपलीय असं समजायचं नाही. फोटोसाठी जवळ जायची गरजही नाही. तीन मीटरची मगर ६० मीटरवरून ३५० ला फ्रेमची पाऊण रुंदी भरते. अजून काय पाहिजे?

दुकानदार तुम्हाला सांगेल की ही ३५० तुमच्या कॅमेऱ्यावर ५२५ होते. खरं आहे आणि नाहीही. मोठ्या भाकरीवर वाटी उपडी ठेवून मधला गोल कापून घेतला तर भाकरी मोठी होत नाही, तुमच्या ताटात फक्त मधला भाग येतो. लहान सेन्सरचं तेच. दृश्याचा कोन ५२५ लावलेल्या फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याइतका अरुंद होतो, लेन्स ३५०च राहते. एफ ६.३ हा लेन्सचं भोक (ॲपर्चर) किती उघडं ते सांगणारा आकडा उजेडाच्या हिशेबाला ६.३च राहतो, त्याला दीडने गुणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवत बसू नका.

आता माउंट. जड लेन्स लावली की कॅमेरा लेन्सला लटकतो, लेन्स कॅमेऱ्याला नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की माउंटला काही होत नाही. वजन नेहमी लेन्सखालच्या डाव्या तळहातावर. उजव्या हाताने फक्त बटणं दाबायची. २००-६०० ला पाय आहे, ट्रायपॉड त्या पायाला आणि पट्टाही त्याच पायाला. कॅमेऱ्याच्या कड्यांना पट्टा लावून अडीच किलो गळ्यात घालून घाट उतरणारे पाहिले की माझ्याच पोटात गोळा येतो. ७०-३५० ला पाय नाही, लागतही नाही. सहाशे ग्रॅम बॉडीवरून पेलतं.

पकडीची अडचण वेगळी. ए६४०० वर करंगळीला जागाच नाही, ती खाली लोंबकळते आणि तासाभरात मनगट भरून येतं. खालून लावायची धातूची छोटी पट्टी-ग्रिप मिळते, ती घ्या. आणि एक गोष्ट माहितीपत्रकात सापडणार नाही. या कॅमेऱ्याचं व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे. उजवा डोळा त्याला लावला की डावा डोळा कॅमेऱ्याच्या बाहेर, मोकळा राहतो. तो मिटू नका. उघड्या डोळ्याने पक्षी शोधायचा, दुसऱ्याने फ्रेम. मात्र लेन्स डोळ्याच्या रेषेत नसून उजवीकडे सरकलेली असते, त्यामुळे सुरुवातीला नेम थोडा चुकतो. ३५० चा कोन कर्णात साडेचार अंशांच्या आसपास. इतक्याशा भोकातून उडता कवड्या शोधायचा म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर शोधण्यासारखं. म्हणून ७० वर पक्षी पकडा, फोकस लागू द्या, मग झूम करा. कवड्या खंड्यापासूनच शिका. तो पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात. इतका सज्जन पक्षी दुसरा नाही.

मामांची लेन्स. नक्की मागून घ्या, पण आधी तिच्यात मोबाइलची बॅटरी मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आणि ती लेन्स बाकीच्या लेन्सच्या डब्यात ठेवायची नाही. स्वच्छ असेल तर काचेशिवायचा साधा ॲडॅप्टर पुरतो. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करावं लागतं, नाहीतर कॅमेरा म्हणेल लेन्सच नाही आणि शटर दाबलं जाणार नाही. फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारं फोकस पीकिंग लावा, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. टेलीला पीकिंग उदार असतं, सगळंच रंगवून दाखवतं. फ्रेम मोठी करून डोळ्यावर फोकस करा. तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण नाही, जुन्या लेन्सलाही नाही, तेव्हा शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. उघड्या ॲपर्चरला बगळ्याच्या कडेला जांभळी किनार येईल, एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा होईल इतकं, बंद केलं की बरीच जाते. झोपलेल्या नावा, काठावर ऊन खात बसलेला पाणकावळा, संध्याकाळी हरिपूरचा संगम, यासाठी ती लेन्स मजेची आहे. उडत्या पक्ष्यासाठी नाही.

आता ती हवेची गोष्ट.

सहा-सात वर्षांपूर्वी जानेवारीत येरळवाडीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले होते. मी पोचायला उशीर केला, साडेदहा वाजले. पाणी मागे हटलेलं, चिखलाचा पट्टा तापायला लागलेला. थवा दूर होता, पण लेन्स मोठी होती, म्हणून धडाधड तीनशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर एकही धारदार नाही. पाय लाटांसारखे, माना वितळल्यासारख्या. फोकस कधी पुढे, कधी मागे. लेन्स बिघडली असं ठरवून मी ती दुरुस्तीला पाठवली. दोन आठवड्यांनी आली, सोबत चिठ्ठी: दोष नाही. मी त्यांनाच शिव्या घातल्या. मग एका पहाटे गच्चीवरून सहज अजिंक्यताऱ्यावर लावली तर टीव्हीच्या मनोऱ्याची एकेक सळी मोजता येत होती. दुपारी एक वाजता तीच लेन्स, तीच गच्ची, तोच मनोरा, आणि सळ्या नाचतायत.

तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उठते, तिची घनता जागोजागी वेगळी, त्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. डांबरी रस्त्यावर लांबून पाणी दिसतं त्याचंच हे भावंड. टेली लेन्स पक्षी मोठा करते तशी ही थरथरही मोठी करते. कितीही महागडी लेन्स, कितीही शटर स्पीड, यावर इलाज नाही. इलाज दोनच: लवकर जा, नाहीतर जवळ जा. फोटो काढण्यापूर्वी एक परीक्षा करा. पक्ष्याच्या अंतरावरचा एखादा स्थिर दगड व्ह्यूफाइंडरमध्ये मोठा करून बघा. कडा हलतायत? कॅमेरा पिशवीत घाला, चहा प्या. हिवाळ्यात नदीवर तुम्हाला उजाडल्यापासून फार तर साडेनऊपर्यंत चांगली हवा मिळते. गाडीतून काढत असाल तर तापलेल्या बॉनेटवरून किंवा एसी लावून उघडलेल्या काचेतून काढू नका, तिथेही हाच खेळ होतो.

दुसरी फसगत शटरची. घाटावर आवाज नको म्हणून तुम्ही सायलेंट मोड लावत असाल. बसलेल्या पक्ष्याला ठीक आहे. पण त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात पंख हलून जातात. पटत नसेल तर कधी साताऱ्याला आलात की चाळकेवाडीच्या पठारावर जा, सायलेंट मोडमध्ये जवळच्या पवनचक्कीचा फोटो काढा. पाती विळ्यासारखी वाकलेली येतील. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटरच. आवाज होतो, होऊ द्या, देवळाच्या घंटेपुढे तो काय आहे.

सेटिंगचं फार स्तोम माजवू नका. ॲपर्चर मोडवर एफ ६.३, आयएसओ ऑटो, आणि मेनूत ऑटो आयएसओसाठी किमान शटर ठरवता येतं ते बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/२०००. फोकस एएफ-सी, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे सतत जाणारं. या कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखणारं फोकस फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर सुधारून, आलं, पण ते कुत्र्या-मांजरांसाठी. पक्ष्यांना ओळखण्याची सोय सोनीने या छोट्या मालिकेत २०२३च्या ए६७०० मध्ये दिली. तेव्हा डोळ्यावर चौकोन तुम्हीच ठेवायचा. पाच मीटरवरच्या पक्ष्याला ३५० वर जेमतेम पाच सेंटिमीटर धारदार खोली मिळते, चोच धारदार आणि डोळा गेलेला असा फोटो सहज येतो. पांढरा बगळा काळ्या पाण्यावर असेल तर एक्स्पोजर उणे एकपर्यंत उतरवा, पिसं पांढरीफटक झाली की रॉ फाइलमधूनही परत येत नाहीत. बर्स्ट, म्हणजे एका दमात काढायची फोटोंची रांग, तीन-चार फोटोंची. कॅमेरा सेकंदाला ११ काढतो खरा, पण त्याची कार्डाची खाच यूएचएस-१ या धिम्या जातीची आहे. बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, भरला की तो कार्डावर लिहीत बसतो आणि नेमका तेव्हाच खंड्या मासा घेऊन वर येतो. क्लिअर इमेज झूम, म्हणजे कॅमेऱ्यानेच फोटो ताणून मोठा करणं, बंदच ठेवा. ७०-३५० ला टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सचा पल्ला वाढवणारी जोडकाच, बसत नाही, त्यामुळे तो मोह आपोआप टळतो.

बॅटऱ्या तीन हव्यात. या कॅमेऱ्याचा अधिकृत आकडा व्ह्यूफाइंडरने साधारण ३६० फोटोंचा आहे, पण पक्ष्याची वाट बघताना फोटो न काढताही बॅटरी जातच असते.

ट्रायपॉडऐवजी बीनबॅग शिवून घ्या. जाड खादीची पिशवी, तिला साखळी, आत दीड किलो शाळू. घाटाच्या कठड्यावर ठेवा, लेन्स त्यावर टेका, १/१२५ लाही फोटो येतो. पहिल्या वर्षी माझ्या पिशवीत किडे झाले आणि ते कॅमेऱ्याच्या बॅगेत उतरले, बायकोने दोन दिवस जेवायला नीट वाढलं नाही. तेव्हापासून हंगाम संपला की शाळू काढून पाखरांना घालतो.

तुम्ही कास पठाराचंही ओझरतं विचारलंत. तिथे हीच लेन्स सोन्यासारखी. ३५० वर ती दीड मीटरपर्यंत फोकस करते आणि दहा सेंटिमीटर रुंदीचा तुकडा फ्रेमभर येतो, म्हणजे पायवाटेवर उभं राहून आतलं दवबिंदूचं रोप किंवा सीतेची आसवं ही फुलं टिपता येतात, फुलांवर पाय पडत नाही. तेरड्याचा गालिचा दाट दाखवायचा असेल तर पायवाटेवर खाली बसून ३५० नेच लांबचा पट्टा घ्या, फुलं एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात. फक्त ढग अंगावरून जात असतात. हा कॅमेरा शिंतोडे सोसतो, पाऊस नाही. दुधाची प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड, याहून चांगलं आवरण मला सापडलेलं नाही. घरी आल्यावर लेन्स लगेच बॅगेत कोंबू नका. पुसून, वाळवून, सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात आमच्या साताऱ्याच्या पश्चिमेकडे बुरशीला महिनाही लागत नाही. तुमच्याकडे बुरशी कमी, पण उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची धूळ. रस्त्याकडेला लेन्स बदलू नका. आणि कॅमेरा स्कूटरच्या डिकीत नको, पाठीवर. हादऱ्यांनी लेन्सचे स्क्रू सैल होतात.

दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असलेल्यांनी यातून स्वतःपुरतं घ्यावं. कॅननच्या आर५० वाल्यांना आरएफ १००-४०० आहे, ६३५ ग्रॅम, जवळून फोकस करण्यात ती सोनीच्याही पुढे. ऑलिंपसवाल्यांची ७५-३०० तर ४२३ ग्रॅमची, उजेड कमी घेते पण खिशात मावेल अशी.

खरेदीची घाई नको. आधी महिनाभर ५५-२१० घेऊनच त्या ठरलेल्या काठीजवळ बसा. दहा मीटरवर खंड्याला साडेआठशे पिक्सेल मिळतात, मोबाइलवर बघायला भरपूर. त्यानंतरही हात शिवशिवले तर ७०-३५० जुनी बघा, नवी फार महाग वाटत असेल तर. बघताना लेन्स तोंड खाली करून धरा, झूमची नळी किती सैल आहे ते कळेल. ३५० वर, एफ ६.३ ला, बीनबॅगवरून एखाद्या दगडी भिंतीचा सरळ समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एक कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा मऊ दिसला तर आतली काच सरकलेली आहे, मालक कितीही गोड बोलला तरी उठून या. आणि स्थिरीकरण बंद-चालू करून व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र थांबतं का ते पाहा. तुमच्या कॅमेऱ्यात दुसरं स्थिरीकरण नसल्यामुळे ते बिघडलेलं असेल तर निम्मी लेन्स गेली.